बारीक केस आणि कंडिशनर: केस मऊ हवेत पण डोक्याला चिकटलेले नकोत, तर काय करायचं

केस धुतले, कंडिशनर लावलं, वास छान येतोय, हाताला मऊ लागतायत, आणि वाळल्यावर आरशात बघावं तर सगळे चप्प बसलेले, भांग रुंद दिसतोय, क्लचर लावला तर घसरून मानेवर येतोय. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तर केस धुतले होते हे कुणाला खरंही वाटू नये. ज्यांचे केस बारीक आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. मग बहुतेक जणी एकच करतात, कंडिशनरच बंद. आणि तिथून गुंता, फाटलेली टोकं, फणीत अर्धे तुटून येणारे केस सुरू होतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की कंडिशनर सोडू नका, ते लावायची जागा, माप आणि प्रकार बदला. बारीक केस जाड केसापेक्षा लवकर तुटतो, म्हणजे त्याला जपायची गरज जास्तच, फक्त त्याला वजन झेपत नाही. माझे स्वतःचे केस असेच सुळसुळीत, पिन न टिकणारे, आईकडून आलेले, घरात बहुतेक सगळ्यांचे तसेच, त्यामुळे या विषयावर मी मनापासून बोलते. पहिल्यांदाच नीट लक्ष द्यायला लागलेल्यांसाठी हे क्रमाने लिहितेय. सगळं एकदम करायला जाऊ नका, एका वेळी एक बदल, नाहीतर कशाने फरक पडला ते कळतच नाही.

पायरी १: तुमचे केस बारीक आहेत की विरळ, हे आधी बघा

या दोन गोष्टींची लोक फार गल्लत करतात. बारीक म्हणजे एकेक केस जाडीला कमी. विरळ म्हणजे डोक्यावर केसांची संख्या कमी. केस बारीक पण भरपूर असू शकतात, आणि जाड पण विरळही असतात. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात आणि रोज ५० ते १०० गळणं हे नॉर्मल धरतात, त्यामुळे फणीत केस दिसले म्हणून लगेच घाबरू नका.

बघायचं कसं, तर गळलेला एक केस घ्या, पांढऱ्या कागदावर ठेवा, शेजारी घरातल्या जाड केसवाल्या कुणाचा तरी एक ठेवा. फरक डोळ्याला दिसतो. मग तो केस अंगठा आणि तर्जनीत धरून घोळवा, जवळजवळ काहीच जाणवलं नाही तर बारीक, दोऱ्यासारखा खरखरीत जाणवला तर जाड. ढोबळमानाने ६० मायक्रॉनच्या आतला केस बारीक आणि ८० च्या पुढचा जाड म्हणतात, आणि झेरॉक्सचा कागद साधारण १०० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे आपला केस त्या कागदाच्या जाडीच्या निम्म्याच्या आसपास येतो.

आता तो चप्प का बसतो ते समजून घ्या कारण पुढचं सगळं त्यावर आहे. केसाची जाडी निम्मी झाली की त्याचा ताठपणा निम्मा होत नाही, तो थेट सोळाव्या हिश्श्यावर येतो. मुळाशी उभं राहायची ताकदच मुळात कमी. त्यात तेवढ्याच वजनाच्या केसांचा हिशोब केला तर बारीक केसांना बाहेरचा पृष्ठभाग जास्त असतो, म्हणजे कंडिशनरला चिकटायला जागा जास्त. आणि सरळ केस असतील तर टाळूचं तेल त्यावरून सरसर खाली येतं, कुरळ्या केसात ते वळणावळणावर अडतं. ही तीन कारणं एकत्र आली की मैत्रिणीला सूट झालेली बाटली आपल्याकडे बुळबुळीत होते. तुमचे केस खराब आहेत असा याचा अर्थ अजिबात नाही.

पायरी २: केस कधी बसतात ते नोंदवा

ही पायरी सगळे गाळतात आणि मला हीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. पुढचे काही वेळा केस धुवाल तेव्हा फक्त लक्ष ठेवा, काही बदलू नका.

वाळल्याबरोबर लगेच केस चिकट, जड वाटतायत, तर कंडिशनर जास्त झालं, मुळापर्यंत गेलं किंवा नीट धुतलं गेलं नाही. पहिला दिवस मस्त आणि दुसऱ्या दिवशी मुळाशी तेलकट, तर दोष कंडिशनरचा नाहीच, तुमच्या टाळूला तेल लवकर सुटतं आणि तुम्हाला केस जरा जास्त वेळा धुवायला हवेत. आठवड्यातून दोनदाच धुवायचे असा नियम कुठेही लिहिलेला नाही, मुंबई-कोकणाच्या दमट हवेत बारीक केसवाल्या एक दिवसाआड सौम्य शाम्पूने धुतात आणि त्यात काही वाईट नाही. जास्त धुतले की तेल जास्त सुटतं असं सगळीकडे सांगतात पण तेलग्रंथी चालतात त्या मुख्यतः हार्मोन्सवर, तुम्ही काल शाम्पू लावला की नाही हे त्यांना कळत नाही.

तिसरा प्रकार, नवी बाटली आणली तेव्हा केस सुंदर झाले होते आणि दीड-दोन महिन्यात हळूहळू मरगळले. हा थर साचल्याचा प्रकार, त्याचं खाली सांगते. आणि चौथा, मुळाशी चप्प पण टोकाला खरखरीत, साबण-शाम्पूला फेस येत नाही, नळाच्या तोंडावर आणि बादलीच्या कडेला पांढरा थर, तर पाणी जड आहे, बोअरचं किंवा टँकरचं. पुण्याच्या कडेच्या नव्या सोसायट्यांमध्ये राहायला गेलेल्या कितीतरी जणींचे केस घर बदलल्यावर बदलतात ते यामुळे.

पायरी ३: बाटली उलटी करून मागचं वाचा

पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते जाहिरात, मागच्या बाजूला यादी. यादीत जे जास्त ते आधी लिहायची पद्धत आहे (एक टक्क्याच्या खालचे घटक मग कुठल्याही क्रमाने), त्यामुळे पहिले सहा-सात शब्द वाचले तरी काम भागतं.

कंडिशनरचं काम कसं चालतं ते थोडक्यात. ओल्या केसावर ऋण भार असतो, जिथे केस खराब झालाय तिथे जास्त. कंडिशनरमध्ये धन भाराचे घटक असतात, सेट्रिमोनियम क्लोराइड, बेहेन्ट्रिमोनियम क्लोराइड, बेहेन्ट्रिमोनियम मेथोसल्फेट अशी त्यांची नावं, ते केसाला जाऊन चिकटतात आणि पाण्याने पूर्ण निघत नाहीत, म्हणूनच केस मऊ राहतो. सोबत सेटिल, स्टिअरिल किंवा सेटिअरिल अल्कोहोल असतं. अल्कोहोल हा शब्द बघून घाबरू नका, ही मेणासारखी फॅटी अल्कोहोल्स आहेत, केस कोरडे करणारी स्पिरिटसारखी अल्कोहोल वेगळी. यातलं काही वाईट नाही आणि एवढ्यावर थांबणारं कंडिशनर बारीक केसाला सहसा चालून जातं.

वजन वाढतं ते पुढच्या गोष्टींनी. यादीत पहिल्या पाच-सहात डायमेथिकोन (हे एक सिलिकॉन), शिया बटर, कोको बटर, एरंडेल, नारळाचं तेल किंवा मिनरल ऑइल असेल तर ती बाटली जाड, कोरड्या, कुरळ्या केसांसाठी आहे, तिच्यावर पैसे घालवू नका. सिलिकॉन म्हणजे विष वगैरे जे सांगतात ते मला पटत नाही, डायमेथिकोनने केसांचं घर्षण कमी होतं आणि तुटणं कमी होतं, पण बारीक केसाला ते पटकन जास्त होतं. अमोडायमेथिकोन त्यातल्या त्यात बरं, ते जिथे केस खराब आहे तिथे जास्त बसतं. पीईजी-१२ डायमेथिकोनसारखं, म्हणजे पुढे पीईजी लागलेलं सिलिकॉन पाण्यात विरघळतं, ते धुतलं जातं.

यादीत पॅन्थेनॉल, हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन, हायड्रोलाइज्ड केराटिन, राइस प्रोटीन असं काही असेल तर चांगलं, प्रोटीनचे बारीक तुकडे केसावर बसून त्याला थोडं अंग आल्यासारखं करतात. पण आठवड्यातून एकदा पुरे, रोजच्या रोज प्रोटीनवालं लावलं तर काहींचे केस काडीसारखे कडक होतात.

पुढच्या बाजूचे शब्द सुद्धा उपयोगी पडतात, फक्त उलट्या दिशेने. इंटेन्स रिपेअर, डीप नरिशिंग, स्मूथ अँड स्ट्रेट, बटर, मास्क असं लिहिलेलं टाळा. लाइटवेट, व्हॉल्यूम, फाइन हेअर असं लिहिलेलं घेऊन बघा. आणि थेट मोठी बाटली घेऊ नका. किराणा दुकानात कंडिशनरची पाउच टांगलेली असतात, त्यातली दोन-तीन वेगवेगळी आणा, बारीक केसाला एक पाउच दोनदा सहज पुरतं, चिमटा लावून ठेवा. यात जेवढे पैसे जातील त्याच्या कितीतरी पट एक चुकीची बाटली खाऊन जाते.

आता एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. शाम्पूची बाटलीही उलटी करून बघा. त्यात डायमेथिकोन, पॉलिक्वाटर्नियम-१० किंवा ग्वार हायड्रॉक्सीप्रोपिलट्रिमोनियम क्लोराइड लिहिलेलं असेल तर तो शाम्पू स्वतःच केसाला कंडिशन करतोय. टू-इन-वन आणि 'सिल्की स्मूथ' वाल्यांमध्ये हे असतंच. तो शाम्पू, वर कंडिशनर, वर सीरम, म्हणजे तीन थर. अनेकींचा प्रश्न फक्त शाम्पू साधा केल्याने सुटतो आणि कंडिशनर होतं तेच राहतं.

पायरी ४: साचलेला थर एकदा काढून टाका

नवीन काही सुरू करायच्या आधी पाटी कोरी करा, नाहीतर जुन्याच थरावर नवं बसतं आणि तुम्ही म्हणणार हेही चाललं नाही. यासाठी क्लॅरिफाइंग शाम्पू मिळतात, नाहीतर सोडियम लॉरेथ सल्फेट असलेला आणि वरचे कंडिशनिंग घटक नसलेला कुठलाही साधा शाम्पू चालतो. थोडा घ्या, मगात पाण्यात फेटून घ्या, टाळूवर बोटांच्या पेरांनी चोळा, नखांनी नाही, धुवा, पुन्हा एकदा तसंच. लांबीला वेगळा शाम्पू चोळायची गरज नाही, धुताना वरून खाली जाणारा फेस पुरतो. नंतर टोकांना कंडिशनर लावायचंच, हे विसरू नका. असं महिन्यातून एकदा, फार सीरम-स्प्रे वापरत असाल तर दोनदा. केसांना रंग लावला असेल तर रंग जरा लवकर फिका होतो हे लक्षात ठेवा.

खायचा सोडा लावू नका. तो अल्कलाइन असतो, टाळूचा पीएच साधारण ५.५, म्हणजे थोडा आम्ल, आणि केसाचा त्याहून कमी, सोड्याने केस फुगतो, वरचे खवले उघडतात आणि बारीक केसाला ते झेपत नाही. अंगाचा साबणही डोक्याला नको, जड पाण्यात तर त्याचा चिकट चोथाच केसांवर बसतो.

पाणी जड असेल तर यादीत डायसोडियम किंवा टेट्रासोडियम ईडीटीए असलेला शाम्पू बघा, तो क्षार धरून काढायला मदत करतो. आणि शेवटचे एक-दोन मग पिण्याच्या पाण्याचे घ्या, एवढ्याने सुद्धा फरक पडतो. शॉवरला लावायचे छोटे फिल्टर क्लोरीन कमी करतात पण पाण्याचा जडपणा फारसा कमी करत नाहीत, त्यामुळे ते घ्यायची घाई नको.

पायरी ५: लावायचं कसं

इथे मी जरा सविस्तर सांगते कारण सगळा खेळ इथेच आहे.

माझ्या मावसबहिणीची मुलगी होस्टेलला असते, सुट्टीत आमच्याकडे आली होती, तिची तक्रार अगदी हीच. म्हटलं, मला दाखव तू कसं लावतेस. तिने तळहातभर कंडिशनर घेतलं आणि हात सरळ टाळूवर. शाम्पूची सवय असते ना, हात आपोआप तिथेच जातो. मग जे उरलं ते खाली ओढलं. म्हणजे जिथे केस नवा, निरोगी, आधीच तेल असलेला, तिथे सगळ्यात जास्त, आणि जिथे खरी गरज तिथे उरलंसुरलं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे खांद्याच्या खाली गेलेली टोकं अडीच-तीन वर्षांची जुनी असतात, इतक्या वेळा धुतलेली, ऊन खाल्लेली, ओढणीत घासलेली. कंडिशनर त्यांच्यासाठी आहे.

मी तिला अर्धा चहाचा चमचा कंडिशनर दिलं. "मावशी, एवढंसं? याने काय होणार?" म्हटलं, "अगं लावून तर बघ." तिचे केस खांद्याच्या जरासे खाली आहेत, तेवढ्याला एवढं पुरलं. केस खांद्यापर्यंतच असतील तर त्याहून कमी, कमरेपर्यंत असतील तर एक चमचा.

आधी शाम्पू धुऊन झाला की केसातलं पाणी दोन्ही हातांनी दाबून काढा. पाणी निथळत असताना लावलं तर कंडिशनर पातळ होऊन वाहून जातं, मग वाटतं कमी पडलं आणि आपण अजून घेतो. जास्त होण्याचं हे नेहमीचं कारण आहे. मग ते अर्धा चमचा दोन्ही तळहातांवर पसरवा, अगदी क्रीम लावतो तसं. केस पुढे घ्या, दोन भाग करा, आणि सुरुवात टोकापासून करा. टोकं मुठीत धरून दाबा, मग हात हळूहळू वर, कानाच्या पातळीपर्यंत आलात की थांबा. त्याच्या वर नाही. कपाळाजवळच्या आणि भांगाच्या बाजूच्या बटांना तर अजिबात नाही, त्या सगळ्यात आधी चिकटतात. हाताला उरलेलं डोक्यावर पुसायचा मोह होतो, तो हात सरळ पाण्यात बुडवा.

आता रुंद दातांचा कंगवा घेऊन टोकाकडून वर असा एकदा फिरवा. बारीक केस ओला असताना जास्त ताणला जातो आणि पटकन तुटतो, कंडिशनर असताना कंगवा घसरत जातो, शिवाय सगळीकडे सारखं लागतं. एक-दोन मिनिटं पुरे. वीस मिनिटं ठेवून जास्त फायदा होतो असं बारीक केसाच्या बाबतीत नाही, आणि शॉवर कॅप घालून वाफ वगैरे मुळीच नको.

धुताना बादली-मग वाल्यांनी एक करा. आंघोळीच्या शेवटी बादलीत जे तळाला उरतं त्याने कंडिशनर धुवायची आपली सवय असते, त्यात ते निघतच नाही. निदान पाव बादली स्वच्छ पाणी त्याच्यासाठी वेगळं ठेवा. मान पुढे करून पाणी ओता, मानेच्या मागच्या बाजूला बोटं घालून केस वेगळे करा, कारण तिथेच हमखास राहतं. सुळसुळीतपणा थोडा राहिला तरी चालेल, बुळबुळीतपणा जायला हवा. पाणी कोमट ठेवा. शेवटी थंड पाणी घेतलं की केसांची रंध्रं बंद होतात म्हणतात, पण केसाला रंध्रं नसतातच. आवडत असेल तर घ्या थंड पाणी, उन्हाळ्यात बरंही वाटतं.

तिने वाळल्यावर केस हलवून बघितले, मग क्लचर लावला, तो जागच्या जागी राहिला, आणि पहिलं काम काय केलं तर आईला फोन.

पायरी ६: एवढं करूनही बसत असतील तर उलट क्रमाने

माप, जागा, प्रकार सगळं ठीक आणि तरीही केस मरगळलेले राहतात, तर कंडिशनर आधी आणि शाम्पू नंतर असं करा. केस ओले करून लांबीला कंडिशनर लावा, दोन-तीन मिनिटं ठेवा, धुवा, मग शाम्पू फक्त टाळूला. जास्तीचं सगळं निघून जातं आणि थोडा मऊपणा राहतो. खांद्याच्या वर कापलेल्या केसांना हे फार छान चालतं. लांब केस असतील तर टोकं थोडी कोरडी वाटतील, मग हे एक आड एक करा, एकदा नेहमीसारखं, एकदा उलट.

काही जणी कंडिशनर मगभर पाण्यात कालवून ते पाणी केसांच्या टोकांवरून ओततात, तेही बरं आहे, विशेषतः लहान मुलींच्या केसांना, जिथे नुसता गुंता सोडवायचा असतो. अगदी आखूड केस असलेल्या पुरुषांना आणि मुलांना कंडिशनर लागतच नाही, दर महिन्याला कापले जाणारे केस खराब व्हायला वेळच मिळत नाही.

तेलाचं काय

मराठी घरात हा विषय टाळून चालणारच नाही. आजी म्हणणार तेल लावल्याशिवाय केस वाढत नाहीत, आणि आपण तेल लावलं की दोन दिवस डोकं ओलं दिसतं. दोघींचं बरोबर आहे थोडं थोडं. खोबरेलाबद्दल एक अभ्यास आहे, मुंबईत मॅरिकोच्या संशोधन विभागात रेळे आणि मोहिले यांनी केलेला, २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली, तर केसातलं प्रोटीन धुऊन जाणं लक्षणीय कमी झालं ते फक्त खोबरेलाने, कारण त्यातलं लॉरिक अॅसिड केसाच्या आत शिरू शकतं. कंपनी खोबरेल विकणारी आहे हे लक्षात ठेवूनही मला ते पटतं. केसाची वाढ त्याने होते असं मात्र त्यात नाही.

म्हणजे बारीक केसासाठी तेल हे धुवायच्या आधी लावायचं काम आहे, धुतल्यानंतरचं नाही. दिवाळीच्या पहाटे आपण तेल लावून लगेच न्हातो, तोच क्रम वर्षभर ठेवा. तास-दोन तास आधी, चमचाभर, लांबीला जास्त आणि टाळूला नाममात्र. रात्रभर चापून-चोपून नको, ते काढायला दोन-तीनदा शाम्पू लागतो आणि त्यात केसांची झीज होते. एरंडेल तर नकोच, चिकटपणामुळे निघता निघत नाही. कोंडा असेल तर टाळूला तेल अजिबात लावू नका, ज्या बुरशीमुळे कोंडा वाढतो ती तेलावरच जगते.

शिकेकाई-रिठ्याने धुणाऱ्यांना एवढंच सांगेन की वस्त्रगाळ पूड घ्या किंवा उकळून गाळून घ्या, जाडसर पूड बारीक केसात अडकते आणि काढताना केस तुटतात. मेथी आणि जास्वंदीचा बुळबुळीत लेप हाही एक प्रकारे कंडिशनरच, त्यालाही वरचेच नियम, लांबीला लावा, मुळांना नाही, आणि भरपूर पाण्याने धुवा. मेंदीने बारीक केसाला खरंच जरा अंग येतं, तिच्यातलं लॉसोन हे रंगद्रव्य केसाच्या प्रोटीनला धरून बसतं, पण पाकिटावर मेंदीशिवाय काही नाही ना ते बघून घ्या, काळ्या मेंदीत पीपीडी हे रंगाचं रसायन असू शकतं आणि त्याची अॅलर्जी वाईट असते.

पायरी ७: वाळवताना आणि नंतर

टॉवेलने खसाखसा पुसू नका, जुना सुती पंचा किंवा टी-शर्ट गुंडाळून दहा मिनिटं ठेवा. मग डोकं खाली करून बोटांनी केस उलटे झटका, मुळं उचललेल्या अवस्थेत वाळली की तशीच राहतात. मधला भांग पाडून ओल्या केसांना रबर लावलं तर कंडिशनर कितीही चांगलं असलं तरी केस चप्पच बसणार. हेअर ड्रायर वापरायला हरकत नाही, २०११ च्या एका कोरियन अभ्यासात १५ सेंटिमीटरवरून सतत हलवत ड्रायर वापरला तर नुसतं तासन्‌तास ओलं ठेवून वाळवण्यापेक्षा केसाच्या आतलं नुकसान कमी दिसलं होतं. गरम नाही, कोमट किंवा थंड हवा, आणि मुळांपासून सुरुवात.

सीरम लागलंच तर एक थेंब, दोन्ही हातांवर चोळून, फक्त शेवटच्या दोन-तीन इंचांना. स्कूटीवर जाणाऱ्यांनी पूर्ण वाळल्याशिवाय हेल्मेट घालू नका, आत पातळ सुती स्कार्फ बांधा आणि तो दर दोन दिवसांनी धुवा. कंगवा आणि उशीची खोळ आठवड्याला धुवा, कालचं तेल आणि सीरम त्यावरून परत डोक्यावर येतं, आणि लोक मग शाम्पूला नावं ठेवतात.

केस कापताना पार्लरमध्ये सांगा की टोकं सरळ एका रेषेत कापा, लेअर्स फार नकोत, बारीक केसात लेअर्स जास्त झाले की खालची टोकं अजूनच विरळ दिसतात. स्मूदनिंग किंवा केराटिन ट्रीटमेंटचा आग्रह होईल, त्याला नाही म्हणा. बारीक सरळ केस त्याने अजून चप्प होतात, शिवाय यातल्या काही ट्रीटमेंट्समधून तापवताना फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतं.

हे कंडिशनरचं काम नाही, ते ओळखा

भांग महिन्या-महिन्याला रुंद होतोय, नाण्याएवढी गोल चाई दिसतेय, टाळूला खाज आणि खपल्या आहेत, किंवा पुंजकेच्या पुंजके हातात येतायत, तर बाटल्या बदलत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, मोठं ऑपरेशन यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस खूप गळतात, ते बहुतेक वेळा काही महिन्यात आपोआप भरून येतं, पण लोह आणि थायरॉइड तपासून घेतलेलं बरं. आपल्याकडे बायकांमध्ये रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की केस पातळ झाले म्हणून तेल बदलत बसायच्या आधी रक्ताची तपासणी करा असं मी प्रत्येकीला सांगते.

आणि आज घाई आहे, केस आधीच बसलेत, तर

सगळं डोकं पुन्हा धुवायची गरज नसते. कपाळाच्या वरचा आणि भांगाच्या दोन्ही बाजूंचा पट्टा सोडून बाकीचे केस मागे घट्ट बांधा, बेसिनवर वाका, शाम्पूचा एक थेंब पाण्यात कालवून तेवढाच पट्टा धुवा, पंचाने टिपा आणि उलट दिशेला विंचरून वाळवा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि लोकांना दिसतो तो तेवढाच भाग. तेवढाही वेळ नसेल तर ड्राय शाम्पू, तो घरात नसेल तर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर जाड ब्रशने मुळांशी लावा, दोन मिनिटं थांबा आणि डोकं खाली करून पूर्ण झटकून टाका. काळ्या केसात पांढरं राहतं, म्हणून उजेडात आरशात एकदा बघूनच बाहेर पडा, आणि त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी केस धुवा, पीठ टाळूवर तसंच ठेवू नका.